पेशंटपाशी ठेवलेला निरोप

मेट्रन शुद्धीवर येत नाही आणि जातही नाही, अशी ती दुसरी सकाळ. नातेवाइकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालू पंख्याखालचा एकुलता एक बाक परिपत्रकमामांनी कधीच काबीज केला होता. सगळी नोकरी आरोग्य खात्याच्या कचेरीत काढलेला माणूस. रिटायर झाल्यावरही कुठे टेकला की टेबल मांडूनच बसायचा. एका अंगाला पाण्याची बाटली, दुसऱ्या अंगाला चष्म्याचं घर, मधे मामा. समोर जो उभा राहील तो अर्जदार. आत ऑक्सिजनवर याच हॉस्पिटलातून रिटायर झालेली मेट्रन, मामांची सख्खी बहीण होती, म्हणून आजचे अर्जदारही घरचेच होते.

"आधी एक ठरवा," मामा म्हणाले. "हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी दुपारी बोलावलंय. तिथे जाऊन एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं बोलायचं नाही. कचेरीत माणूस चुकीने मरत नाही, विसंगतीने मरतो."

"मामा, मरण्याचं कशाला काढता," टेलर म्हणाला.

टेलर म्हणजे मेट्रनचा मुलगा. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्याचं युनिफॉर्मचं दुकान होतं. डॉक्टर होईल म्हणून मेट्रनने त्याला शिकवायला घेतलं आणि तो डॉक्टरांचे कोट शिवायला लागला. यावर मेट्रन वर्षानुवर्षं जे बोलली ते या घराने ऐकून घेतलं होतं. टेलरनेही घेतलं होतं, मान खाली घालून, शिवता शिवता.

काल काय झालं ते आता लिफ्टमनलाही पाठ होतं. मेट्रनचं सकाळचं इन्सुलिन ताईकडे असायचं. ताई म्हणजे मेट्रनची मुलगी, टेलरची थोरली बहीण, इथल्याच सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज. या महिन्यात नाइटला माणसं कमी, म्हणून तीही नाइट करत होती. ती घरी यायची, आईला इंजेक्शन द्यायची, खायला घालायची आणि झोपायची. काल तिची बदली सिस्टर वेळेवर आली नाही. सूनबाईला, म्हणजे टेलरच्या बायकोला, मॉर्निंग ड्यूटीला निघायचं होतं. तिने घड्याळ पाहिलं, सासू नाश्त्यासाठी खोळंबलेली पाहिली आणि इंजेक्शन देऊन टाकलं. ती गेली, ताई आली. ताईनेही दिलं. दुपारी टेलर जेवायला आला तर आई घामाने चिंब, हाकेला ओ नाही, आणि शेजारच्या खोलीत ताई गाढ झोपलेली.

कॅज्युअल्टीत साखर तपासणाऱ्या डॉक्टरने वर न बघता विचारलं, "इन्सुलिन किती दिलं होतं?" वॉर्डातून धावत आलेली सूनबाई म्हणाली, "मी सकाळी दिलं होतं." आणि स्ट्रेचर धरून उभी ताई म्हणाली, "मीपण."

कॅज्युअल्टी एवढी शांत कधी झाली नसेल.

दोघी मेट्रनच्याच हाताखाली तयार झालेल्या. ड्यूटी बदलताना पेशंटच्या उशाशी उभं राहायचं, एकेका पेशंटचं तोंडाने सांगायचं, समोरचीने "कळलं" म्हणेपर्यंत हलायचं नाही, हे मेट्रनने दोघींच्या अंगात मुरवलं होतं. एकीला लहानपणापासून, दुसरीला विद्यार्थिनी असताना. दुसरी एवढी मुरली की मेट्रनने तिला सून करून घरी आणली. अशा दोघी वॉर्डात कधी चुकल्या नसत्या. घरात चुकल्या, कारण घरात यादी लागल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं.

यादीचं असं. मेट्रनच्या काळात नोकरीची वर्षं भरली की खुर्ची आपोआप सरकत जवळ यायची. आता डिग्रीवाचून काही हलत नव्हतं. नर्स म्हणून लागायचं, फार तर इन्चार्ज व्हायचं आणि टाचदुखी घेऊन रिटायर व्हायचं. मग सरकारने नोकरीतल्या नर्सना डिग्रीला पाठवायचं काढलं. फी सरकारची, हॉस्टेल सरकारचं, पगार चालू. परत आलीस की ट्यूटर, आणि पुढचा रस्ता मोकळा. या हॉस्पिटलच्या वाट्याला जागा आली एक. यंदापुरती वयाची अट सैल केली, म्हणून ताईनेही अर्ज टाकला. यादीत नाव आलं सूनबाईचं. वेटिंगवर पहिलं, ताईचं. उद्या कॉलेजात हजर व्हायचं होतं.

एका उंबऱ्याच्या आत निवडही आणि वेटिंगही. टेलरने त्या दिवशी गिऱ्हाइकांना चहा पाजला, पण बहिणीची नजर चुकवून.

"नियम साधा आहे," मामा म्हणाले. "चौकशी बसली की माणूस शिकायला सोडत नाहीत. आणि सोडताना साहेबांना लिहावं लागतं, हिच्याविरुद्ध काही नाही म्हणून. आता काल तुम्ही दोघींनी भर कॅज्युअल्टीत हात वर केलेत. दोघींवर आलं तर दोघी जातील. मग जागा कोणाकडे? बालविभागातल्या त्या चष्मेवालीकडे."

"जाऊ दे की," सूनबाई म्हणाली. ती शेडच्या खांबाला टेकून उभी होती, कालच्याच युनिफॉर्ममध्ये. "आई आत तशा पडल्यात आणि तुम्ही जागा कसली वाटताय मामा?"

"अक्का शुद्धीवर आली तर पहिलं काय विचारेल? जागा गेली का राहिली, हेच. तिच्या पोटी मी नाही, पण तिच्या पाठी आलोय. मला माहितीये." मामांनी चष्मा पुसला. "बरं, मला सांग, तू इंजेक्शन दिलंस. ताईला फोन का नाही केलास?"

सूनबाईने युनिफॉर्मचा बेल्ट उगाच नीट केला.

"बोलत नव्हतीस, म्हणून."

"मी आईंना सांगून गेले. ताई आल्या की सांगा, मी दिलंय. दारात चप्पल घालताना परत सांगितलं."

"निरोप पेशंटपाशी ठेवलास?"

"त्या पेशंट नव्हत्या, मामा. त्या मेट्रन आहेत."

वाद जिंकलेल्या माणसाला होतो तसा आनंद मामांच्या तोंडावर उमटला आणि लगेच त्यांनी तो आवरला. "मीही तेच म्हणतोय. अक्काला प्रत्येक बॅचच्या मुली नावानिशी पाठ. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला कावीळ झाली होती, सगळं. तिला तू निरोप दिलास आणि ती विसरली? हे साहेबांना पटेल?"

"मी सांगितलं होतं," सूनबाई म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज स्वतःच्याच वाक्याकडे वळून बघत होता.

टेलर तेवढ्यात उठला आणि पाण्याच्या नळाकडे गेला. त्याला तहान नव्हती.

दिवाळं निघालेल्या दुकानदारासारखा तो नळापाशी उभा राहिला. पावसाळा संपता संपता आई एकदा दुकानात आली होती. दारात उभं राहून तिने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मालक आहेत का? माझ्या मुलींचे बेल्ट ढिले शिवलेत तुम्ही." मुली म्हणजे विद्यार्थिनी. तो हसला. थट्टाच वाटली त्याला. मग ती म्हणाली, "तुम्ही कारागीर दिसता, मालकांना बोलवा." त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ती त्याला नावाने हाक मारून घरी गेली. त्याने कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर आईने आपल्याला ओळखूनही कमी लेखलं होतं, एक दिवस न ओळखता मान दिला, हे घरी कसं सांगायचं, हेच त्याला कळलं नव्हतं.

आता सांगायची वेळ होती. सांगितलं तर सूनबाईचा निरोप खरा ठरत होता. ती सुटत होती. आणि उद्या सकाळी जात होती.

बायको जाऊ नये असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. अर्ज भरताना पेनसुद्धा त्यानेच दिलं होतं. पण परवा तिने नवी चादर आणली, डबा आणला, हॉस्टेलच्या खोलीचं कुलूप आणलं आणि ती कुलूप उघडून लावून बघत बसली होती, लहान मुलीसारखी. ते कुलूप त्याला सहन झालं नव्हतं. ती परतेल ती वेगळी परतेल. आपण मात्र फाटकासमोर तिच्या विद्यार्थिनींची मापं घेत असू.

तो ओंजळभर पाणी प्यायला आणि परत येऊन बसला.

"तुझं काय म्हणणं?" मामांनी विचारलं.

"मी काय सांगणार," टेलर म्हणाला. "मी दुकानात होतो."

*

ताई वॉर्डात आईपाशी होती. तिने आईची पाठ पुसली, कूस बदलली, तोंड ओलं केलं. हे तिने कुणालाही करू दिलं नव्हतं. कोवळ्या मुली पडद्याआडून बघून जात होत्या. मेट्रन आडवी पडलेली त्यांना बघवत नव्हती, आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

सूनबाई आली आणि पलीकडच्या बाजूला उभी राहिली. यादी लागल्यानंतर पलंगाच्या दोन बाजूंना दोघी प्रथमच उभ्या होत्या.

"ताई."

ताईने मान वर केली.

"तुम्ही आलात तेव्हा आई काय म्हणाल्या हो? नीट आठवून सांगा."

"मी विचारलं, इंजेक्शन झालं का? नाही म्हणाली."

"असं सरळ नाही म्हणाल्या?"

"सरळ."

"मग मी..." सूनबाईने पलंगाची कड धरली. "मी दारात होते. चप्पल घालत होते. सांगितलं का मी? का सांगायचं ठरवून निघाले नुसती? ताई, घाईत असं होतं ना? आपल्याला वाटतं, आपण केलं."

"होतं कधी कधी," ताई म्हणाली.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ताईला कळलं, आपण आता कोणत्या बाजूला उभ्या आहोत.

कारण आईला विचारण्यात अर्थ नव्हता, हे या जगात सगळ्यात चांगलं तिलाच ठाऊक होतं. सूनबाईच्या माहेरच्या गावाला सगळे गेले होते त्या दिवशी दुपारी ताई झोपून उठली, तर आई पांढरी साडी, बेल्ट, टोपी असा सगळा जामानिमा करून दारापाशी उभी. "राउंडला उशीर होतोय, गाडी का नाही आली?" ताईने टोपीच्या पिना एकेक काढल्या. आई भानावर आली आणि तिने ताईचं मनगट पकडलं. नाडी बघताना धरावं तसं. "कुणाला सांगायचं नाही. मला केस करू नकोस. माझ्या उशाशी कागद लावू नकोस. शपथ घे." ताईने घेतली. मग गोळ्या तिने स्वतःच्या कपाटात हलवल्या, इन्सुलिन स्वतःच्या वाट्याला घेतलं. सूनबाईला वाटलं, नणंद तिचा वाटा उचलतेय. ताईने वाटू दिलं.

तरी काल तिने आईला विचारलं होतं. सवयीने. आई नाही म्हणाली आणि ताईने सिरिंज भरली. फ्रिजचं दार उघडताना सूनबाईशी बोलावं, एक फोन करावा, असं मनात आलं होतं. आधी ती करू दे, असंही लगेच मनात आलं होतं.

आई मेट्रनच्या खुर्चीत होती आणि योजना नवी होती, तेव्हा सूनबाईच्या आधी ताईचंच नाव डिग्रीसाठी पुढे आलं होतं. मेट्रनने स्वतःच्या मुलीचं नाव वर पाठवलं नाही. लोक म्हणतील, आईने घातली. ताई तेव्हा काही बोलली नाही. घरातली सगळी देणीघेणी तिने अशीच मनात मांडून ठेवली होती, व्याजासकट.

"तुम्ही साहेबांना काय सांगणार?" सूनबाईने विचारलं.

"विचारतील तेवढं."

"माझ्यावर आलं तरी मला चालेल, ताई. पण दोघींवर नको. जागा बाहेर जायला नको. मामा म्हणतात ते एवढं बरोबर आहे."

ताईने चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. आईच्या चादरीला सुरकुती चालत नसे.

*

साहेबांच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण बसा म्हणेपर्यंत मामासुद्धा उभे राहिले. साहेब थकलेले होते. मेट्रनने त्यांनाही नवखे असताना एकदा वॉर्डाबाहेर काढलं होतं, हात न धुता ड्रेसिंगला आले म्हणून. त्यांनी ती गोष्ट आधी सांगितली आणि कुणी हसलं नाही.

"हे घरात झालंय," साहेब म्हणाले. "तक्रार नाही, तर मला चौकशी लावायची हौस नाही. तुमच्यापैकी कुणाची तक्रार आहे?"

"नाही," टेलर पटकन म्हणाला.

"पण उद्या मी यांना सोडणार," त्यांनी सूनबाईकडे बोट केलं, "तर खाली सही माझी आहे. सगळं हॉस्पिटल बोलतंय. मला निदान काय झालं ते कळू दे. इंजेक्शन देणं कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली.

"मग तुम्ही का दिलंत?" साहेबांनी सूनबाईला विचारलं.

"ताईंना उशीर होत होता. आईंना भूक लागली होती," सूनबाई म्हणाली. "मी आईंना सांगून गेले."

"यांना नाही?"

"नाही."

साहेब ताईकडे वळले. "तुम्ही देण्याआधी विचारलंत?"

"विचारलं. आई नाही म्हणाली."

साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "सिस्टर, एकच विचारतो. मॅडमच्या लक्षात राहायचं का अलीकडे? वय झालंय. विसरायच्या का?"

ताईच्या मनगटावर आईची बोटं होती. शपथ होती, ती खरीच होती, आणि शपथेच्या आड लपायला इतकी ऐसपैस जागा असेल हे तिला त्या दिवशी कळलं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली. "आईची स्मरणशक्ती चांगली आहे."

साहेबांनी टेलरकडे पाहिलं. "तुमचं?"

टेलरने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे. तीही जाणते, हे त्याला दिसलं. तोही जाणतो, हे तिला. लहानपणी फुटलेल्या बरणीभोवती दोघं असेच उभे राहायचे, आईची पावलं ऐकत. इतक्या वर्षांत भावाबहिणीचं एवढं एकमत कशावर झालं नव्हतं.

"आईला सगळं आठवतं, साहेब," टेलर म्हणाला. "मला माझी गिऱ्हाइकं आठवत नाहीत, तिला आठवतात."

मामांनी मान डोलावली. त्या खोलीत खरं बोलल्यासारखं मनापासून मान डोलावणारे तेवढे एकटेच होते.

"म्हणजे निरोप दिलाच गेला नव्हता," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

सूनबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. दोघांचे चेहरे तिच्याकडे होते आणि दोन्ही चेहऱ्यांवर माया होती. तीच तिला पुरी पडली.

"नसेल दिला," ती म्हणाली. "माझ्याकडूनच राहिलं असेल. साहेब, ताईंचं यात काही नाही. त्यांनी आपल्या वेळेला आपलं काम केलं."

"चौकशी नाही लावत मी," साहेब म्हणाले. "पण तुमच्या कागदावर सही करणं आज मला जमणार नाही. वेटिंगवर कोण आहे?"

ते त्यांना माहीत होतं. तरी मामांनी घसा साफ केला आणि सांगितलं.

*

व्हरांड्यात सूनबाई ताईच्या बरोबरीने चालत होती. बाकी दोघं मागे.

"माझी बॅग भरलेलीच आहे," ती म्हणाली. "चादर, डबा, सगळं आहे. तुम्ही तीच न्या. कुठे पळापळ करणार आता तुम्ही? कुलूप जरा कडक आहे, तेल घालून देते."

"तू कशाला..."

"निदान जागा घरात राहिली, ताई." तिने ताईचा दंड धरला. "आईंचं मी करीन. अर्धी रजा पडून आहे माझी. तुम्ही मागे वळून बघू नका."

ताईने दंड सोडवून घेतला नाही. सोडवून घेतला असता तर का ते सांगावं लागलं असतं.

मागे मामा भाच्याला समजावत होते, "खरं सांगू? मला वाटलं होतं तुझी बायको भांडेल. मोठ्या मनाची निघाली. तू नशीबवान आहेस." टेलर हो म्हणाला.

वॉर्डाच्या दारात एक मुलगी धावत आली. "इन्चार्ज सिस्टर, चला. मेट्रन मॅडमनी डोळे उघडले."

मेट्रनचे डोळे खरंच उघडे होते. छताकडून ते खाली आले, मामांवरून सरकले, टेलरवरून सरकले, ताईवर जरासे थबकून पुढे गेले आणि सूनबाईच्या मळक्या युनिफॉर्मवर येऊन थांबले.

"आई, मी," सूनबाई वाकली. "ओळखलंत ना?"

मेट्रनच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. शब्द ओढत आणावे लागले. "नवीन का तू? कुठली बॅच?"

"आई, मी तुमची..."

"युनिफॉर्म... चुरगळलाय. तुझी मेट्रन कोण? काही बोलत नाही का तुला?"

सूनबाईने तोंडावर हात दाबला. डॉक्टर पुढे झाले, टॉर्च मारून बुबुळं बघितली, नाव विचारलं, वार विचारला. मेट्रनने नाव बरोबर सांगितलं, वार सांगितला नाही, आणि परत सूनबाईकडे बघून विचारलं, "नवीन का तू?"

"साखर बराच वेळ खाली राहिली," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "मेंदूला मार बसतो. थोडं भरून येईल, थोडं तसंच राहील. आत्ताच काही सांगता येत नाही."

"यांना सगळं आठवायचं हो," सूनबाई डॉक्टरांना म्हणाली. "सगळ्या बॅचेस आठवायच्या. कालपर्यंत." मग ती ताईकडे वळली. तिच्या हुंदक्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. "ताई, मी काय केलं हो हे? माझ्या एका निरोपासाठी काय झालं हे?"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू मुद्दाम नाही केलंस." ते सांत्वन होतं, आणि निकालही.

ताईजवळ वाक्य तयार होतं. नाही गं, हे आधीपासूनचं आहे. एवढंच. तेवढ्याने सूनबाईचा श्वास मोकळा झाला असता. आता मात्र मेट्रनचं मागचं विसरणं आणि पुढचं विसरणं, सगळं कालच्या एका सकाळच्या नावावर चढणार होतं, आणि ती सकाळ सूनबाईच्या नावावर. मेट्रन जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं ती हे फेडत बसणार होती. उशाशी उभी राहून, रोज नव्याने आपली बॅच सांगत.

"छत्तिसावी बॅच, मॅडम," सूनबाई डोळे पुसून म्हणत होती. "तुमच्याच हाताखालची."

"बरं," मेट्रन म्हणाली. "हात धुतलेस का?"

टेलर खिडकीपाशी जाऊन उभा होता. तिथून फाटक दिसायचं आणि फाटकापलीकडे त्याचं बंद दुकान. मग पाठ न वळवता त्याने बहिणीला विचारलं, "गाडी सकाळचीच ना?"

"हो," ताई म्हणाली. "सोडायला येशील?"